बोर्ड परत आणणारं किट आणि गाळलेला धडा

काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावरून पाण्यावर सरकणं, नव्याने शिकणाऱ्यांसाठी, त्यातही ज्यांच्या शिकण्याच्या जागी पाणी सपाट नसतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ‘बोर्ड रिकव्हरी किट’ या नावाखाली मला तीन वस्तू विकल्या गेल्या: एक रील लीश (बोर्ड अंगाला जोडून ठेवणारी, आपोआप गुंडाळणारी दोरी), बोर्डाला बांधायचा हवेचा फुगा आणि बोर्डावर चिकटवायचा ट्रॅकर. तिन्ही वस्तूंबद्दल खोटं सांगितलं गेलं. पण माझा मुख्य राग वस्तूंवर नाही. त्या वस्तूंच्या आडून कोर्समधला एक धडा गाळला गेला, ज्याचे पैसे मी आधीच भरले होते आणि ज्याच्याशिवाय नवशिक्याने खोल पाण्यात बोर्ड घेऊन जाऊच नये. अशी किटं अजूनही विकली जातात, म्हणून सगळं तपशिलात सांगते.

आधी बोर्ड का हरवतो ते समजून घ्या, कारण विक्रेत्याचं बोलणं याच भीतीवर उभं असतं. तुम्ही पडलात की पाय स्ट्रॅपमधून सुटतात, पण काइट ओढतच राहतो आणि तुम्ही वाऱ्याबरोबर खाली जात राहता. बोर्ड मात्र पाण्यावर आडवा पडलेला असतो. त्याला वारा फारसा लागत नाही, त्यामुळे तो मागे राहतो. म्हणजे बोर्ड जवळजवळ नेहमीच अपविंड असतो, वारा जिकडून येतोय त्या बाजूला, आणि अंतर वाढत जातं. चॉप, म्हणजे खवळलेलं पाणी, असेल तर आणखी एक अडचण येते. तुमचे डोळे पाण्यापासून वीतभर उंचीवर, बोर्डाची जाडी बोटभर, आणि मध्ये आखूड, उलटसुलट लाटा. थोडं अंतर पडलं तरी बोर्ड दिसेनासा होतो. नवशिक्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

या अडचणीचं उत्तर म्हणजे अपविंड बॉडी ड्रॅग. बोर्ड नसताना काइट एका बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांवर धरायचा, शरीर ताठ करून कुशीवर यायचं, एक हात बारवर (काइट वळवायच्या दांड्यावर) ठेवायचा आणि दुसरा पाण्यात लांब ताणायचा. तो ताणलेला हात आणि शरीराची कड पाण्यात फिनचं (बोर्डाखालच्या छोट्या पात्याचं) काम करतात, आणि तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला तिरकं सरकता. मग काइट दुसऱ्या बाजूला नेऊन तेच पुन्हा. असे नागमोडी टप्पे घेत बोर्डापर्यंत पोचायचं. हे वॉटर स्टार्टच्या, म्हणजे पाण्यातून बोर्डावर उभं राहायला शिकण्याच्या, आधी शिकवायचं असतं, नंतर नाही.

माझ्या कोर्सच्या वेळापत्रकात हा धडा होता. त्या दिवशी शिकवणारा म्हणाला, “आज चॉप आहे, यात बॉडी ड्रॅग जमतच नाही. उगाच पाणी प्याल. हल्ली कुणी ते करतही नाही, सगळे रिकव्हरी किट वापरतात.” आणि किट त्याच्याकडेच विकायला होतं. पुढे दुसऱ्या ठिकाणी शिकले तेव्हा कळलं की चॉपमध्ये बॉडी ड्रॅग कष्टाचा असतो, पण अगदी व्यवस्थित जमतो. उलट चॉप असलेल्या जागीच तो आधी शिकायला हवा, कारण बोर्ड डोळ्यांआड होतो तो तिथेच.

किटची जाहिरात म्हणून मला फोनवर व्हिडिओ दाखवले गेले. त्यातलं पाणी आरशासारखं सपाट होतं, वारा एकसारखा होता आणि कंबरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस हसत हसत बोर्ड पकडत होता. चॉपमधला एकही व्हिडिओ नव्हता. तुम्हाला असं काही विकलं जात असेल, तर तुम्ही जिथे उतरणार त्याच प्रकारच्या पाण्यातलं प्रात्यक्षिक मागा, आणि विकणाऱ्याने ते स्वतः करून दाखवावं असं म्हणा. जो मनापासून शिकवतो त्याला यात काही अवघड वाटणार नाही.

आता लीश. बोर्ड लीश म्हणजे बोर्ड आणि हार्नेस (काइटची ओढ घेणारा कंबरेचा पट्टा) यांना जोडणारी दोरी. या खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती सर्रास वापरली जायची. बोर्ड उलटून डोक्यावर आदळल्याच्या अनुभवांमुळे शिकवणाऱ्यांनी ती सोडत आणली, आणि आज चांगले शिक्षक ट्विन-टिपवर (दोन्ही टोकं सारखी असलेल्या नेहमीच्या बोर्डावर) नवशिक्याला लीश बांधू देत नाहीत. मला सांगितलं गेलं की हे सगळं साध्या लीशबद्दल आहे, रीलची लीश आपोआप गुंडाळते म्हणून सुरक्षित आहे. हे खोटं आहे. रीलमधली दोरी सुटत जाते तोवर ताण कमी असतो हे खरं, पण तिला शेवट असतो. दोरी संपली की पुढचा सगळा ताण दोरी आणि तिच्या लवचिक भागावर येतो.

चॉपमध्ये तो शेवट फार लवकर येतो. काइट तुम्हाला पुढे खेचतो, मागे बोर्डाची फिन किंवा टोक लाटेच्या पोटात रुततं आणि बोर्ड पाण्यात अडकून राहतो. दोरी ताणली जाते. मग लाट सरकते, बोर्ड एकदम मोकळा होतो आणि बेचकीतल्या दगडासारखा थेट तुमच्या दिशेने सुटतो. लवचिक वस्तू दुप्पट ताणली तर तिच्यात साठलेली ऊर्जा साधारण चौपट होते, त्यामुळे थोडासा जास्त ताणही फार मोठा फरक करतो. स्ट्रॅप, पॅड, फिनसकट बोर्डाचं वजन तीन किलोच्या आसपास असतं आणि त्याच्या कडा कठीण असतात. दोरी हार्नेसला मागून बांधलेली असेल तर तो पाठीमागून येतो, म्हणजे दिसतही नाही.

माझ्या बाबतीत तो हेल्मेटवर आदळला. हेल्मेटला कानाच्या वर तडा गेला आणि बोर्ड घसरून खांद्यावर लागला. हेल्मेट मी स्वतःचं आणलं होतं, पाण्यातल्या खेळांसाठीच्या ‘ईएन १३८५’ मानकाचं. रील लीश असताना हेल्मेट लागत नाही असंही मला सांगण्यात आलं होतं. हे ऐकून कुणी उघड्या डोक्याने उतरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

त्यानंतर दोरी सोडवायला गेले तेव्हा दुसरी गोष्ट कळली. विकताना ‘क्विक रिलीज आहे, ताणाखालीही सुटते’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ताण असताना पिन हलतच नव्हती, दोरी सैल पडली तेव्हाच निघाली. किनाऱ्यावर आल्यावर लीश खांबाला बांधली, शरीराचं वजन टाकून ओढून पाहिली, तरी तेच. ही तपासणी कुणालाही जमिनीवर करता येते, आणि विकत घेण्याआधी करता येते. ताण देऊन सुटत नसेल तर त्या वस्तूला क्विक रिलीज म्हणूच नये.

इथे एक गल्लत कृपया टाळा. मी बोलते आहे ती बोर्डाची लीश. काइटची सेफ्टी लीश वेगळी, आणि ती हवीच. चिकन लूप (काइटचा बार हार्नेसला अडकवणारी कडी) सोडल्यावर काइटची ओढ जाते पण काइट तुमच्याजवळ राहतो, तो या सेफ्टी लीशमुळे. माझं वाचून कुणी ती काढून ठेवली तर अनर्थ होईल.

प्रमाणपत्राचा प्रकार तर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. लीशबरोबर एक छापील कागद मिळाला, त्यावर ‘आयएसओ २१८५३’ असं ठळक लिहिलेलं होतं. हे मानक खरंच अस्तित्वात आहे, २०२० साली प्रसिद्ध झालेलं, आणि काइटबोर्डिंगचंच आहे. म्हणूनच कागद पटतो. पण त्याचा विषय आहे माणूस काइटपासून कसा सुटतो: रिलीज यंत्रणा, तिला किती ताणाखाली सुटता आलं पाहिजे, तिच्या चाचण्या कशा घ्यायच्या. बोर्डाला बांधायच्या दोरीशी त्याचा संबंध नाही. एका वस्तूचं मानक दुसऱ्या वस्तूच्या गळ्यात अडकवलं होतं. कुणी मानकाचा क्रमांक दाखवला तर त्या मानकाचं पूर्ण नाव शोधा. मानकं बनवणाऱ्या संस्थेच्या यादीत क्रमांक, वर्ष आणि विषय सगळ्यांना मोफत दिसतो, आणि एवढ्यावरून पुष्कळ खोटेपणा उघडा पडतो. तरंगण्याच्या जॅकेटांबाबतही हाच खेळ चालतो. इम्पॅक्ट व्हेस्ट धक्का झेलण्यासाठी असतं, ते तुम्हाला तरंगत ठेवेलच असं नाही. तरंगण्याचं जॅकेट म्हणून ते विकलं जात असेल तर आतल्या शिवलेल्या पट्टीवर ‘आयएसओ १२४०२-५’ आणि तरंगवण्याच्या जोराचा न्यूटनमधला आकडा आहे का ते बघा.

फुग्याबद्दल मला न्यायाने बोलायचं आहे, कारण ती कल्पना मुळात वाईट नाही. बोर्डावर हवा भरलेला गोळा बसवला की बोर्ड पाण्यावर सपाट पडून राहत नाही, उचलला जातो, त्याला वारा अडतो आणि तो वाऱ्याबरोबर तुमच्याकडे ढकलला जातो. तुम्ही काइट डोक्यावर स्थिर धरून, कमीत कमी ओढ ठेवून थांबलात, तर बोर्ड जवळ येऊ शकतो. दोरी नसल्यामुळे उलटून आदळण्याचा धोकाही नाही. चांगल्या बनावटीचा असा फुगा काही शिकणाऱ्यांना उपयोगी पडतो. पण वारा पुरेसा हवा, काइट स्थिर धरता यायला हवा, आणि प्रवाह बोर्डाला भलतीकडे नेत नसावा. यातलं काहीही विकताना सांगितलं गेलं नाही. शिवाय मला मिळालेली वस्तू नक्कल होती. झडपेतून हवा हळूहळू जायची, आणि अर्धवट रिकामा फुगा पाण्यात लोळत बोर्डाला पुढे आणण्याऐवजी अडवून धरायचा. त्याच्या पट्ट्या माझ्या बोर्डाच्या रुंदीला बसतही नव्हत्या. असा फुगा घ्यायचाच असेल तर तो आदल्या रात्री फुगवून ठेवा आणि सकाळी दाबून बघा. तो बोर्डावर नेमका कुठे बसवायचा हे लिहिलेलं पत्रक सोबत नसेल तर घेऊ नका.

ट्रॅकर हा तर सरळसरळ पैसे उकळण्याचा प्रकार होता. ‘फोनवर बोर्ड दिसेल’ असं सांगून दिलेली ती चकती ब्लूटूथवर चालणारी होती. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि खारं पाणी त्या लहरी शोषून घेतं. बोर्डावरून लाटा जात असतील तर संकेत बाहेर पडणंच कठीण. आणि अशा चकत्या दूरवरची जागा कळवतात ती आजूबाजूला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनच्या आधारे. भर पाण्यात कुणाचा फोन असणार?

पैसे परत मागितले तेव्हा आधी उडवाउडवीची उत्तरं मिळाली, मग सांगण्यात आलं की वस्तू खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे परत घेता येणार नाहीत. समुद्रासाठी म्हणून विकलेल्या वस्तू! मी जाहिरातीतले दावे, तो प्रमाणपत्राचा कागद, न सुटणाऱ्या पिनचा व्हिडिओ आणि मानकाचं खरं शीर्षक एकत्र करून कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली. वस्तूंचे पैसे परत आले. धड्याचे आले नाहीत. कारण माझ्या प्रगती कार्डावर ‘अपविंड बॉडी ड्रॅग’ समोर बरोबरची खूण होती आणि खाली माझी सही. ती सही पहिल्या दिवशी, कार्ड कोरं असताना, जोखमीच्या अर्जाबरोबर घेतलेली होती. खुणा नंतर भरल्या गेल्या. म्हणून प्रगती कार्डावर सही मागितली गेली तर प्रत्येक धड्यासमोर वेगळी आणि तो धडा पाण्यात झाल्यावरच करा, आणि त्या दिवशीच कार्डाचा फोटो काढून ठेवा.

मला शेवटी बॉडी ड्रॅग शिकवला तो दुसऱ्या एका शिक्षिकेने, चॉपमध्येच. तिने सांगितलेल्या काही गोष्टी कुणीही किटसोबत विकत नाही. बोर्ड सुटला की लगेच त्याच्या रोखाने जाऊ नका. त्याच्या एका बाजूला लांब टप्पा घ्या, मग वळा. प्रत्येक वळणात तुम्ही थोडे खाली घसरता, म्हणून छोटे छोटे टप्पे घेणारा माणूस दमतो आणि जागच्या जागी राहतो. लाट तोंडावर येण्याआधी श्वास घेऊन ठेवा आणि हात पाण्याबाहेर निघू देऊ नका. बोर्ड दिसत नसेल तर काइट वर आणून हलकी ओढ घ्या. शरीर क्षणभर पाण्यातून उचललं जातं आणि लाटांच्या वरून नजर टाकता येते. पडल्याबरोबर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवल्या तर बोर्ड साधारण कुठल्या रोखाला आहे ते लक्षात राहतं. आणि वारा किनाऱ्याकडून समुद्रात जात असेल तर बोर्डाचा नाद सोडा, त्या वाऱ्यात मुळात उतरूच नका.

तिने माझ्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना भडक नारिंगी पट्ट्या लावायला लावल्या आणि न पुसणाऱ्या शाईने नाव व फोन नंबर लिहायला लावला. नुसता बोर्ड वाहत आलेला दिसला की लोकांना माणूस बुडाल्याची शंका येते आणि शोधकार्य सुरू होतं. नंबर असेल तर एका फोनवर खात्री होते. तुमचा बोर्ड सापडला नाही आणि तुम्ही सुखरूप बाहेर आलात, तर किनारी बचाव यंत्रणेला तसं कळवा.

कोर्सचे पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: बोर्ड हातात देण्याआधी मला अपविंड बॉडी ड्रॅग करून बोर्डापर्यंत पोचायला शिकवणार का, आणि चॉप असेल त्या दिवशीही? उत्तरात एखाद्या वस्तूचं नाव आलं तर तिथे पैसे भरू नका.