लाल झालं नाही म्हणून मी विश्वास ठेवला

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी झिंक ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन दिलं आणि बजावलं, की घरात खिडकीपाशी बसणार असाल तरी लावायचं. मी नेमाने लावलं आणि दीड वर्षात डाग इतके फिके झाले की लोकांच्या लक्षातही येईनात. आणि मग मी ते सनस्क्रीन सोडलं. ते का सोडलं आणि त्याचं काय झालं, हे सविस्तर लिहितेय, कारण मला जे ऐकवलं गेलं ते आज अनेकींना ऐकवलं जातंय.

‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ सनस्क्रीन विकणाऱ्या एक बाई ओळखीतून भेटल्या. त्यांनी आधी भीती घातली. सनस्क्रीनमधली रसायनं रक्तात उतरतात, हे त्यांनी छापील बातमी दाखवून सांगितलं. ती बातमी खोटी नव्हती. अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन यांसारखे चार घटक रक्तात सापडतात, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं होतं. पण त्याच संस्थेने सनस्क्रीन वापरणं थांबवू नका असंही सांगितलं होतं, आणि माझ्या क्रीममधलं झिंक ऑक्साइड त्या चारांत नव्हतंच. अर्धं खरं पुढे केलं की उरलेलं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मग प्रात्यक्षिक झालं. एका कार्डावर जांभळ्या टॉर्चचा झोत टाकला की त्याचा रंग बदलायचा. त्यावर गाजराच्या आणि रास्पबेरीच्या बियांच्या तेलांचं ते मिश्रण जाडसर फासलं, तर रंग कमी बदलला. मी थक्क झाले. असे स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात, म्हणजे उन्हातल्या यूव्हीए या अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचं अगदी शेवटचं टोक. कातडी भाजणारे यूव्हीबी हे दुसरे अतिनील किरण साधारण २९० ते ३२० नॅनोमीटरमधले. त्यांच्याबद्दल तो टॉर्च काहीच सांगू शकत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वर ‘एसपीएफ ५०’ लिहिलेला प्रयोगशाळेचा अहवालही होता. शिक्का, सही, आलेख, सगळं रीतसर.

सहा महिने मी ते तेल लावलं. एकदाही चेहरा लाल झाला नाही, आग झाली नाही, आणि त्यामुळेच माझा विश्वास वाढत गेला. डाग गडद होताहेत हे मला आरशात दिसत होतं, पण मी झोपेला, हार्मोन्सना, सगळ्याला दोष दिला. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “आतली घाण वर येतेय, अजून दोन महिने धीर धरा.” मी धरला. या एका वाक्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला रागावून न बोलता कागदावर आकृती काढून समजावलं. एसपीएफ म्हणजे कातडी लाल व्हायला किती पट जास्त मारा लागतो याचा आकडा. तो स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. वांग मात्र यूव्हीए किरणांनी, इतकंच काय दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि त्यासाठी कातडी लाल व्हावी लागत नाही. माझ्या जुन्या क्रीममधला तो किंचित रंग लोहाच्या ऑक्साइडचा होता. दिसणारा प्रकाश अडवायला तोच लागतो. वरून बाईंच्या तेलात ज्येष्ठमध आणि कॅमोमाइलचा अर्क होता. हे अर्क दाह शमवतात. म्हणजे जी थोडी लाली आली असती आणि मी सावध झाले असते, तीसुद्धा दबली असण्याची शक्यता होती.

घरी येऊन अहवाल परत वाचला. नमुना अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रात घातला होता आणि २९० ते ३२० नॅनोमीटरची मोजमापं एका सूत्रात बसवली होती. ब्राझीलमधल्या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे सूत्र प्राथमिक चाळणीपुरतं ठीक आहे. पण माणसाच्या कातडीवर काही लावलंच नव्हतं आणि यूव्हीए मोजलंच नव्हतं. रास्पबेरीच्या तेलाचा ‘एसपीएफ २८ ते ५०’ हा आकडा सगळीकडे फिरतो, त्याचीही गोष्ट तीच. २००० सालच्या एका शोधनिबंधात तेलातून प्रकाश किती पार होतो ते मोजलं होतं, तिथून तो उचललेला.

वनस्पतींच्या अर्कांना मी नावं ठेवत नाही. फेरुलिक आम्ल, ग्रीन टीमधली पॉलिफेनॉल्स ही उन्हाने होणाऱ्या नुकसानीविरुद्ध खरंच मदत करतात, पण सिद्ध झालेल्या फिल्टरच्या, म्हणजे किरण अडवणाऱ्या घटकाच्या, जोडीला. फिल्टरऐवजी नाही. आणि वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, असंही नाही. याच बाई लिंबाचं तेल घालून घरी सनस्क्रीन करायला शिकवत होत्या. लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), बावची यांत सोरालेन वर्गातली द्रव्यं असतात. ती अंगाला लागून ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. लहान मुलांना असलं काही लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

कोणी असा अहवाल पुढे केला तर आधी विचारा, की चाचणी माणसांवर झाली का आणि यूव्हीए मोजलं का. घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा दुसरा मान्यताप्राप्त फिल्टर नावाने लिहिलेला आहे का, ते वाचा. नुसती तेलं आणि अर्क असतील तर बाटली खाली ठेवा.

मी हेच दोन प्रश्न त्या बाईंना लिहून पाठवले. पहिल्या दिवशी उत्तर आलं, की इतका संशय घेणाऱ्यांना निसर्ग लाभत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा नंबर बंद केला. बाटली, पावती आणि अहवाल मी जपून ठेवलेत, तक्रारीसोबत त्यांच्या प्रती दिल्यात. डाव्या गालावरचा डाग आता आधीपेक्षा मोठा आहे. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेत.