बोअरचं पाणी ‘साफ करून देतो’ म्हणून ६,८४,४०० ला गंडवलं, प्लेटिंगवाल्यांनो वाचा

आधीच सांगतो, खड्डा माझा नव्हता. एमआयडीसीत जुना गाळा घेतला, आधीचा मालकही क्रोम प्लेटिंगच करायचा, त्याने वर्षानुवर्षं टाकीतलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडलं आणि प्रदूषण मंडळाची नोटीस आली माझ्या नावावर. बोअरमध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे सहा व्हॅलन्सीचं विषारी क्रोमियम. अशा वेळी कन्सल्टंट कसा उगवतो ते तुम्हाला माहितीच आहे, नोटिशीची शाई वाळायच्या आत फोन.

साइट असेसमेंट १,८०,०००, क्लीनअप ४,००,०००, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ६,८४,४००, सगळे ॲडव्हान्स. त्यातलं १,०४,४०० जीएसटीचं क्रेडिटही बुडालं कारण पठ्ठ्याने रिटर्नच भरलं नाही. जीएसटी नंबर चालू आहे का आणि रिटर्न भरतोय का हे पोर्टलवर फुकट दिसतं, पैसे द्यायच्या आधी बघा.

कॅनमधून काळपट द्रव आणून बोअरमध्ये ओतला. वासावरून सरळ मळी. माझं आजोळ साखर कारखान्याजवळचं, तो वास मी झोपेतही ओळखेन. विचारलं तर म्हणाला बॅक्टेरियाचं खाद्य आहे साहेब, सहाचं क्रोमियम तीनचं, कमी विषारी होतं आणि खाली बसतं. आता गंमत अशी की ही पद्धत खरी आहे, बाहेरच्या देशांत मळी वापरून असं करतात, मी नेटवर वाचलं आणि विश्वास ठेवला, कुणीही ठेवला असता. पण त्याला पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते आधी काढावं लागतं, त्यासाठी किमान तीन बोअर लागतात, आपला काळा दगड तर भेगाभेगांतून पाणी नेतो. याने एकाच बोअरवर ‘४५ दिवसांत क्लीन’ लिहून दिलं. तामिळनाडूत राणीपेटचा क्रोमेट कारखाना १९९५ च्या आसपास बंद पडला, तिथला कचरा पुढे कित्येक वर्षं तसाच पडून होता, आणि याला ४५ दिवस!

सगळ्यात चीड येते ती सॅम्पलच्या दिवसाची. कन्सल्टंटकडच्या पोराने पाण्याची रिकामी बाटली भरली, बर्फ नाही, पेटी नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवली. मी बाटली हातात घेतली होती हो. पाणी काचेसारखं स्वच्छ पण फिकट पिवळं. म्हणाला माती आहे, गाळलं की जाईल. माती तळाला बसते, हा रंग बसत नव्हता, आणि मी क्रोमच्या टाकीवर आयुष्य काढलेला माणूस! पण ऑर्डर अडकल्या होत्या, मंडळाच्या संमतीपत्राचं रिन्युअल लटकलं होतं, कोण वाद घालत बसणार. रिपोर्ट आला: क्रोमियम लिटरला ०.०२ मिलिग्रॅम, रंग ५ हेझनच्या आत, म्हणजे जवळपास रंगच नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ आहे म्हणजे माझं पाणी चक्क पिण्यालायक! नंतर मंडळाने सॅम्पल नेलं, ३.६ निघालं.

रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा शिक्का होता, पण तो नंबर त्यांच्या साइटवर टाकला तर परराज्यातली सिमेंट तपासणारी लॅब. नंबर स्वतः टाकून बघा, आणि स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता असलेल्या तपासण्यांच्या यादीत, पाणी आणि क्रोमियम आहे का तेही बघा, नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

आता सरकारी पाहुणचार. प्रदूषणवाले म्हणाले कन्सल्टंट तुम्ही नेमला, आमचा काय संबंध, आणि हातात दुसरी नोटीस दिली. अहो तुमच्याच ऑफिसच्या बाहेर याचं कार्ड मिळतं, शिपायाला विचारा! पोलीस म्हणाले व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. फसवणुकीचं कलम वाचून दाखवलं तर हवालदार म्हणाला ‘मळी ओतली ना त्याने? मग काम केलंच की.’ ग्राहक आयोगाचं वकिलाला विचारलं तर धंद्यासाठी घेतलेली सेवा, टिकणं अवघड. दंड भरायला मात्र मी बरोबर सापडतो.

पैसे टप्प्याने द्या. शेवटचा हप्ता तुम्ही स्वतः दुसऱ्या लॅबकडून सॅम्पल काढून घेतल्याशिवाय नको, आणि लॅबचा माणूस बोअर आधी नीट उपसतो का तिथे उभं राहून बघा. जुना गाळा घेत असाल तर खरेदीखताआधी बोअरचं पाणी तपासा, मला तेव्हा एजंटने फक्त लाइटबिल दाखवलं होतं.

तो सध्या नव्या नावाच्या लेटरहेडवर फिरतोय. परवा आमच्याच लेनमधल्या पावडर कोटिंगवाल्याला कोटेशन देऊन गेला, रेट वाढवलाय, ४५ दिवस तेच.