टॅलीचं नवीन रिलीज येऊन राहिलं, अपडेट करण्याआधी हे वाचून घ्या

टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं पुढचं रिलीज येणार म्हटलं की नागपुरात इतवारीत, गांधीबागेत, मस्कासाथमध्ये सगळीकडे एकच प्रश्न सुरू होते, लगेच घ्यायचं का थांबायचं. मी याच भागातल्या दुकानांचे हिशेब बघते, लोखंड-हार्डवेअरवाले आहेत, सिमेंटवाले आहेत, नमकीनचे होलसेलर आहेत, आणि सगळ्यांचं काम टॅलीवरच चालते. डीलरचा माणूस लॅपटॉप घेऊन येते, रंगीत ग्राफ दाखवते, आणि मग शेटजी माझ्याकडे बघतात. माझं उत्तर दरवेळी एकाच गोष्टीवर ठरते. जे आपण एकदा टाइप केलं तेच परत दुसरीकडे कुठं टाइप करावं लागते का, आणि नवीन रिलीजनं ते दुसऱ्यांदाचं टायपिंग वाचवलं का. वाचवलं असेल तर घ्या, नसेल तर काही घाई नाही.

या हिशेबानं मागची रिलीजं बघा म्हणजे पुढच्याकडून काय मागायचं ते समजते. २०२३ मध्ये ३.० आलं तेव्हा एकाच कंपनीत एकापेक्षा जास्त जीएसटी नंबर ठेवता यायला लागले. पुण्या-मुंबईवाल्यांना त्याचं किती कौतुक वाटलं असेल माहीत नाही, पण आपण नागपूरवाले, आपला अर्धा माल तर छिंदवाडा, सिवनी, बालाघाट नाहीतर राजनांदगाव, रायपूरला जाते. ज्यांचं गोदाम रायपूरला आहे त्यांच्या दोन कंपन्या, दोन ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकीचा तक्ता) आणि वर्षाअखेरीला दोन्हीची बेरीज हातानं, हे सगळं त्या एका बदलानं गेलं. माझ्या मते हे फार मोठं काम होतं आणि त्याच्यावर बोललं मात्र कमी गेलं.

४.० मध्ये डॅशबोर्ड आला, एक्सेलमधून एंट्र्या आत घ्यायची सोय आली आणि व्हॉट्सॲप आलं. डॅशबोर्डबद्दल एवढंच की मालकाला सकाळी एकदा बघायला बरा आहे. एक्सेल इंपोर्ट खरंच कामाचं, कारण खूप दुकानात काउंटरची बिलं अजून वेगळ्याच सॉफ्टवेअरवर बनतात आणि महिन्याच्या शेवटी ती टॅलीत चढवायची असतात. व्हॉट्सॲपवरून बिल, लेजर (पार्टीचं खातं) आणि थकबाकीची यादी थेट पार्टीला जाते, त्यासाठी बिझनेसचं खातं जोडावं लागते आणि मेसेजचा खर्च वेगळा येते, तो आधी विचारून घ्या. पण उधारीच्या वसुलीत त्याचा उपयोग किती होते ते ज्यानं दर सोमवारी पार्ट्यांना फोन लावले त्यालाच विचारा. लेजर समोर दिसलं की "तुमचं बिलच नाही भेटलं" हे बोलणं बंद होते.

आता ५.० बद्दल जरा जास्त लिहिते कारण माझ्या कामात खरा फरक तिथं पडला. हे नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं आणि जीएसटी पोर्टल थेट टॅलीला जोडलं गेलं. त्याच्या आधी काय होतं, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, फाइल टॅलीतून काढा, पोर्टलवर चढवा, एरर आली की परत टॅलीत या, दुरुस्त करा, परत काढा, परत चढवा. २बी, म्हणजे सप्लायरनं दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची पोर्टलवरची यादी, उतरवून घ्या, एक्सेलमध्ये फॉर्म्युले लावा आणि खरेदीच्या एकेका बिलाशी जुळवत बसा. आता टॅलीतूनच अपलोड होते आणि २बी न् तिच्यासारखीच २ए ही यादी टॅलीतच उतरते. पोर्टलवर तुमच्या प्रोफाइलमध्ये जाऊन एपीआय ॲक्सेस (टॅलीला पोर्टलशी जोडायची परवानगी) चालू करून ठेवावा लागते, तो जास्तीत जास्त ३० दिवसांचा मिळते, म्हणजे दर महिन्याला चालू करायचं लक्षात ठेवा. आणि ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येते, मालक लग्नाला गोंदियाला गेला असला तर त्याला आधी सांगून ठेवा बाप्पा.

पण त्याच रिलीजमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी लहान आहे. नवीन पार्टीचा नुसता जीएसटी नंबर टाकला की नाव, पत्ता, राज्य सगळं आपोआप येते. पंधरा अक्षरांचा नंबर, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, आपलं महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. व्हॉट्सॲपवर आलेल्या बिलाच्या धूसर फोटोवरून कोणी घाईघाईत पार्टी बनवली आणि राज्य चुकलं की झालं, परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागते, पार्टीला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट भेटत नाही आणि भांडण आपल्या दुकानात येते. बॉर्डरवरच्या शहरात ही चूक रोज होऊ शकते. ई-वे बिलाचं (माल पाठवताना पोर्टलवरून काढायचा पास) पण तसंच आहे न, ८०,००० चा माल गोंदियाला गेला तर ई-वे बिल लागत नाही कारण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची आहे, तोच माल सिवनीला निघाला की ५०,००० ची मर्यादा लागू होते आणि ई-वे बिल पाहिजेच. राज्य बरोबर असलं तर पुढचं सगळं बरोबर पडते.

आणि २बी चं जुळवणं. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा की सप्लायरनं बिल दाखवलं आणि ते आपल्या २बी मध्ये आलं तरच क्रेडिट. २बी १४ तारखेला तयार होते आणि ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं महिन्याचं रिटर्न, २० तारखेला भरायचं असते, मधे रविवार आला की हातात पाचच दिवस राहतात. या पाच दिवसांत टॅली सरळ वेगळं करून दाखवते, कोणती बिलं फक्त आपल्या बुकात आहेत, कोणती फक्त पोर्टलवर आहेत आणि कुठं आकडा जुळत नाही. फक्त बुकात असलेल्यांची यादी काढायची आणि त्याच दिवशी सप्लायरला पाठवायची, हे ज्या दुकानांनी नेमानं सुरू केलं तिथं शेवटच्या दिवशीची धावपळ खूप कमी झाली. बिल नंबर मात्र कागदावर जसा छापला तसाच टाका, त्यातला स्लॅश न् वर्ष सोडून नुसता आकडा टाकला तर जुळवणं तिथंच अडते, मग सॉफ्टवेअर कितीही नवीन असो.

६.० एप्रिल २०२५ मध्ये आलं, त्यात बँक जोडली गेली. बॅलन्स टॅलीतच दिसते, स्टेटमेंट आत येते, जुळणाऱ्या एंट्र्या आपोआप जुळतात आणि राहिलेल्यांचे व्हाउचर तिथूनच बनवता येतात. ज्याच्याकडे दिवसभर यूपीआयनं बारीक बारीक रकमा येतात त्याच्यासाठी हे वरदान आहे. फक्त थेट जोडणी निवडक बँकांची आहे, म्हणून पैसे भरायच्या आधी आपली बँक त्या यादीत आहे का ते बघा, आपल्याकडं खूप जणांची खाती सहकारी बँकेत आहेत आणि त्यांना स्टेटमेंट फाइलनं इंपोर्ट करायचा रस्ता कोणता ते डीलरकडून समोर बसून करून दाखवून घ्या.

बरं आता पुढच्या रिलीजबद्दल. डेमोत ग्राफ दाखवून राहिले असतील तर त्यांना थांबवा आणि मी सांगते ते विचारा. आयएमएसचं काय? १४ ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर ही सोय आली, सप्लायरचं प्रत्येक बिल मंजूर, नामंजूर किंवा पेंडिंग करता येते, आणि काहीच नाही केलं तर मंजूर धरल्या जाते. मग ज्या खरेदीची एंट्री मी टॅलीत आधीच केली तिला परत पोर्टलवर जाऊन मंजूर काहून करायचं? एंट्री सेव्ह झाली की मंजुरी तिथूनच गेली पाहिजे, आणि जे बिल आपलं नाहीच ते तिथूनच नामंजूर करता आलं पाहिजे. हे किती सफाईनं होते ते तुमच्या स्वतःच्या डेटावर करून दाखवा म्हणा, त्यांच्या नमुन्याच्या कंपनीवर नको.

दुसरं, चूक एंट्रीच्या वेळीच पकडते का. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून ३बी मध्ये जीएसटीआर-१ मधून आलेला विक्रीचा टॅक्स हातानं बदलता येत नाही, दुरुस्ती करायची तर जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधून. आधी २० तारखेला बसून आकडा सरळ करायची जी सवय होती ती आता चालणारच नाही. मे २०२५ पासून एचएसएनची (मालाच्या कोडची) यादी पण बी-टू-बी (जीएसटी नंबरवाले) आणि बी-टू-सी (बाकीचे गिऱ्हाईक) वेगळी द्यावी लागते. म्हणून बिल बनवतानाच एचएसएन चुकीचा आहे, दर जुना आहे, राज्य जुळत नाही हे स्क्रीनवर ठळक दिसायला पाहिजे, महिन्याच्या शेवटी रिपोर्टात दिसून काय उपयोग.

दराचं बोलले म्हणून सांगते, २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस, त्या दिवसापासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं आणि पॅकेटचं नमकीन १२ वरून ५ वर. ज्यांनी टॅलीत दर स्टॉक ग्रुपवर लावून ठेवला होता त्यांनी ग्रुपमध्ये तारीख टाकून नवीन दर लावला आणि काम संपलं, ज्यांचा दर एकेका आयटमवर होता ते सणाच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत दुकानात होते. ही सोय जुनीच आहे, कोणत्याच रिलीजच्या जाहिरातीत येत नाही, पण अपडेट करायच्या आधी आपले ग्रुप नीट लावून घेतले तर त्याचा फायदा कोणत्याही नवीन फीचरपेक्षा जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांकडून माल घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर मुदत संपून वर्षाअखेरीला थकलेला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरल्या जात नाही. कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांना हे लागू आहे, नुसत्या ट्रेडरला नाही. लेजरमध्ये उद्योगाचा प्रकार भरला तर मुदत संपायला आलेली बिलं दिसतात, पण आपल्याकडं तो रकाना कोणी भरतच नाही. नवीन रिलीजनं पार्टी बनवतानाच हे विचारलं तर मार्चमध्ये खूप लोकांचा टॅक्स वाचेल.

एक विनंती टॅलीवाल्यांना मनापासून, कीबोर्डला हात लावू नका. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस, आमच्या इतवारीतल्या मुनीमजींची बोटं कीबोर्डाकडे न बघता चालतात. बेंगळुरूचं हे सॉफ्टवेअर १९८६ मध्ये एका व्यापारी घरातच तयार झालं, श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायचा होता आणि त्यांच्या मुलानं, भारत गोयंका यांनी, प्रोग्राम लिहिला. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना माऊस शोधायला वेळ नसते हे त्यांच्या घरालाच सगळ्यात आधी माहीत होतं. २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा अल्ट जी दाबून कुठलाही रिपोर्ट उघडायची सोय दिली आणि जुन्या एफवाल्या चाव्या ठेवल्या, तसंच पुढं राहू द्या.

खर्चाचं म्हणाल तर टीएसएस, म्हणजे टॅलीची सेवा-वर्गणी, चालू नसेल तर पोर्टल न् बँकेची जोडणी चालणार नाही आणि नवीन रिलीजही मिळणार नाही, तेव्हा त्याची तारीख आधी बघा. अपडेट १० ते २० तारखेच्या मधे अजिबात करू नका, तिमाही रिटर्नवाले असाल तर महाराष्ट्राची तारीख २२ आहे, ती जाऊ द्या. डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा, कारण नवीन रिलीजमध्ये एकदा उघडलेला डेटा जुन्यात उघडेलच असं नाही. बिलाचं डिझाइन किंवा स्कीम-डिस्काउंटसाठी टीडीएल (टॅलीत वरून जोडलेला प्रोग्राम) बनवून घेतलं असेल तर ज्यानं बनवलं त्याला आधी फोन करा, नवीन रिलीजवर ते चालते का विचारा. मग एकाच कॉम्प्युटरवर टाका, जुन्या ट्रायल बॅलन्सची प्रिंट समोर ठेवून नवीन ट्रायल बॅलन्सशी जुळवा, एक बिल छापून बघा, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एक खरं ई-इन्व्हॉइस काढून क्यूआर स्कॅन करून बघा, आणि हे सगळं बरोबर आलं की बाकीच्या कॉम्प्युटरवर टाका.