मेन रोडच्या बोळातलं फ्रेमचं दुकान, गार्बोचा फोटो घेऊन गेले होते

आण्णांच्या कपाटात हॉलिवूडची जुनी नटी ग्रेटा गार्बो हिच्या फोटोंची दोन जुनी कात्रणं सापडली, म्हणलं दोन्ही फ्रेम करू, म्हणून मेन रोडच्या एका बोळातल्या छोट्या दुकानात गेले. एक तिच्या ऐन भरातलं, दुसरं म्हातारपणीचं, न्यूयॉर्कच्या फुटपाथवर, टोपी, मोठा काळा गॉगल आणि तोंडापुढे धरलेला हात.

दुकानातल्या काकांनी विचारलं कोण ही, मग मी सुरूच झाले. 1941 च्या सिनेमानंतर छत्तिशीतच काम थांबलं ते कायमचं, 1953 मध्ये न्यूयॉर्कला ईस्ट 52 व्या रस्त्यावर सात खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि 1990 मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिली. मानद ऑस्कर मिळालं तरी घ्यायला गेली नाही. लोकांना वाटतं तिने स्वतःला कोंडून घेतलेलं, पण तसं अजिबात नाही, ती त्या शहरात मैलोनमैल पायी हिंडायची. ‘मला एकटं राहायचंय’ हे 1932 च्या ‘ग्रँड हॉटेल’मधलं वाक्य तिला जन्मभर चिकटलं, तिचं म्हणणं होतं की मी फक्त माझ्या वाटेला जाऊ नका म्हणाले, दोन्हीत खूप फरक आहे.

काकांनी दुसरं कात्रण उजेडात धरलं आणि म्हणाले, “ताई, ही बाई हात आडवा करून नको म्हणतेय, भिंतीला कशाला लावायची?” मी गप्पच झाले. इतकी वर्षं तो हात मला तिच्या गूढपणाचाच भाग वाटायचा, कुणीतरी मागे लागून काढलेला फोटो आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. माप घेऊन झालेलं, तरी काकांनी स्वतःहून एक ऑर्डर कमी केली.

काम फार सुंदर झालंय. कागद पिवळा पडलेला म्हणून डिंक कुठेच लावला नाही, मागून कागदी कोपऱ्यांत बसवला, कधीही काढता येईल. माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) रुंद ठेवलाय त्यामुळे काच फोटोला टेकत नाही, पावसाळ्यात ओल धरून चिकटायची भीती नाही. पातळ सागवानी पट्टी, सगळं मिळून 650 रुपये.

गुरुवारी देतो म्हणाले ते सोमवारी मिळालं, फोनही केला नाही, हे मात्र खटकलं. गाडी लावायला जागा नाही, चालतच जा. आणि फोटो खिडकीसमोर लावणार असाल तर नॉन-ग्लेअर काच आधीच सांगा, मी साधी घेतली, दुपारी चेहऱ्यावर सगळा उजेड येतो.