बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास, टेस्टिंगवाल्यांचा अनुभव
आमच्या धायरीच्या सोसायटीत बोअरचा नळ सोडला की पेट्रोलचा वास यायचा, म्हणून या लॅबवाल्यांना बोलावलं. आलेल्या पोराचं काम बघून खरंच समाधान वाटलं. आधी पंप चालवून साचलेलं पाणी काढलं, मग 40 मिलीची काचेची बाटली हळूहळू काठोकाठ भरली, झाकण लावून उलटी केली नि टिचकी मारून बघितलं, एक बारीक बुडबुडा दिसला तर ती बाजूला ठेवून दुसरी भरली, कारण बेंझिन (पेट्रोलमधलं घातक रसायन) त्या हवेत उडतं नि रिपोर्टमध्ये आकडा कमी येतो. लगेच बर्फाच्या डब्यात. डब्ल्यूएचओची बेंझिनची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्राम आहे, एवढी काळजी हवीच!

रिपोर्ट मात्र सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशिरा दिला, तोवर लहान मुलं असलेल्या घरांनी टँकरवर दिवस काढले, याचा राग आहेच.

आणि एकदा टेस्ट करून भागत नाही बरं का, आपल्याकडे खाली काळा कातळ, पाणी भेगांमधून फिरतं, पावसाळ्यात पातळी वर आली की आकडे बदलू शकतात. आम्ही मे आणि ऑक्टोबर दोन्हीचं बुकिंग यांच्याकडेच केलंय.