फायर टीव्ही स्टिक : रिमोट कोणाच्या हाती जाणार, ते पाहून घ्यावी

आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले एलईडी टीव्ही अजून अनेक घरांत सुस्थितीत आहेत. त्यांचे चित्र स्वच्छ आहे, आवाज पुरेसा आहे. उणीव एवढीच की ते इंटरनेटला जोडता येत नाहीत, किंवा जोडता येत असले तरी त्यांतली ॲप जुनी होऊन केव्हाच बंद पडलेली आहेत. अशा टीव्हीसाठी ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक, म्हणजे टीव्हीला लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी छोटी कांडी, हा मला सर्वांत सरळ आणि कमी खर्चाचा उपाय वाटतो. आमच्या घरी ती बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला लावलेली आहे आणि तिचा सर्वाधिक वापर सासूबाई करतात, म्हणून हे परीक्षणही मुख्यतः त्यांच्या सोयीचा विचार करून लिहिले आहे. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला, कोणालाही हाक न मारता, हवा तो कार्यक्रम लावता येतो का, हा प्रश्न मला चित्रातल्या बारकाव्यांपेक्षा आणि प्रोसेसरच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रकारची उपकरणे घराघरांत नेण्याचे श्रेय गुगलच्या क्रोमकास्टलाही द्यायला हवे. ते २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरला आले, परंतु त्याला रिमोट नव्हता. जे पाहायचे ते फोनवर शोधून टीव्हीकडे पाठवावे लागे. तरुण माणसाला यात काही अडचण नव्हती, पण ज्या घरात फोनवर सराईतपणे बोटे फिरवणारी एकच व्यक्ती असते, तिथे ती कामावर गेली की टीव्हीचा उपयोग संपत असे. २०१४ मध्ये अमेरिकेत आणि एप्रिल २०१७ मध्ये ३,९९९ रुपयांना भारतात आलेल्या फायर टीव्ही स्टिकसोबत मात्र रिमोट होता, आणि माझ्या मते तिच्या यशाचे मोठे कारण तेच आहे. क्रोमकास्टलाही पुढे २०२० मध्ये रिमोट द्यावा लागला.

आमच्याकडे आहे ती २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीची साधी, फुल एचडी स्टिक. ती टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीने घेणाऱ्या खाचेत, बसते. टीव्ही भिंतीला टेकवलेला असेल तर ती थेट न खोचता सोबत मिळणारी छोटी जोडवायर मध्ये घालावी. त्यामुळे खाचेवर ताण येत नाही, स्टिकला थोडी हवा मिळते आणि टीव्हीच्या धातूच्या पाठीपासून ती दूर राहिल्यामुळे वाय-फायही अधिक चांगले पकडते. विजेच्या बाबतीत माझा आग्रह आहे की स्टिक सोबतच्या ॲडॉप्टरवरच चालवावी. वायर कमी दिसाव्यात म्हणून पुष्कळ जण ती टीव्हीच्या यूएसबी खाचेतून चालवतात. जुन्या टीव्हीची ही खाच बहुधा अर्धा अँपिअर इतकाच प्रवाह देते आणि स्टिकला एक अँपिअर लागतो. मग पडद्यावर वीज अपुरी असल्याची सूचना येते किंवा कार्यक्रम ऐन रंगात असताना स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि दोष विनाकारण उपकरणाच्या माथी येतो.

रिमोटची रचना समजून घेतली तर घरातले बरेच गोंधळ टळतात. स्टिकशी तो ब्लूटूथने बोलतो, त्यामुळे स्टिक टीव्हीच्या मागे लपलेली असली तरी चालते आणि रिमोट कोणत्याही दिशेला धरला तरी चालतो. टीव्ही सुरू-बंद करणे आणि आवाज कमी-जास्त करणे ही कामे मात्र तो नेहमीच्या रिमोटप्रमाणे इन्फ्रारेड किरणांनी करतो, म्हणून त्या दोन कामांपुरता तो टीव्हीकडेच रोखावा लागतो. हा फरक सासूबाईंना एकदा सांगितल्यावर ‘कधी चालतो, कधी चालत नाही’ ही तक्रार थांबली. बटणे मोजकी आहेत आणि मधल्या गोलाने वर-खाली, डावी-उजवीकडे जाता येते. सर्वांत मोलाचे बटण घराच्या चित्राचे आहे, कारण कुठेही वाट चुकली तरी ते दाबून पहिल्या पानावर परत येता येते. वयस्कर व्यक्तीला शिकवताना मी सर्वप्रथम हे एकच बटण शिकवीन. पुढची चाचपणी माणूस मग न घाबरता करतो.

इंटरनेटची तयारी मात्र आधीपासून असायला हवी. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि त्याहून बारीक तपशिलाच्या ४के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग पुरतो, म्हणजे आजच्या साध्या फायबर जोडणीलाही हे काम अवघड नाही. अडचण येते ती राउटर एका टोकाच्या खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला असला की. राउटर बहुधा वाय-फाय दोन पट्ट्यांवर देतो. त्यांतला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी काँक्रीटच्या भिंतींतून तो फार दूर पोचत नाही. अशा घरात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडल्यास वेग थोडा उतरतो, पण चित्र अडखळत नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालवण्याचा विचार असेल तर एचडी चित्रपट तासाला तीन जीबीपर्यंत डेटा घेतो हे ध्यानात ठेवावे. रोज दीड जीबी देणारे रिचार्ज अर्ध्या तासातच संपेल. आणि भारनियमनाच्या गावी टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. टीव्ही सुरू आहे आणि पडद्यावर नुसती ‘नेटवर्क नाही’ अशी सूचना आहे, हे दृश्य वयस्करांना फार गोंधळात टाकते.

आता मराठी कार्यक्रमांविषयी. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर आहेत, आणि या तिन्ही सेवांची ॲप स्टिकवर मिळतात. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत पाहता येतो, ही सोय एकदा अंगवळणी पडली की संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ मालिकेच्या वेळेशी बांधून ठेवावी लागत नाही. तरीही आमच्या घरी सर्वाधिक वेळ चालते ते यूट्यूब. मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण तिथे विनामूल्य असते. शिर्डीचे दर्शन, गणेशोत्सवात लालबागच्या राजाचे दर्शन, कीर्तने, जुन्या नाटकांचे आणि मैफलींचे ध्वनिचित्रमुद्रण, पाककृती हे सर्व मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या आवाजात पाहता येते. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर डोळे ताणून पाहण्यात आणि खुर्चीत टेकून पाहण्यात जो फरक आहे, त्याचे मोल ज्येष्ठांच्या घरातच कळते. वर्गणीवर एक रुपयाही न खर्चता, केवळ यूट्यूबसाठी स्टिक घेतली तरी ती वाया जाणार नाही, असे मी म्हणेन.

माझा खरा आक्षेप आहे तो भाषेविषयी. रिमोटवर मायक्रोफोनचे बटण आहे आणि ते दाबून अलेक्साला, म्हणजे बोललेले ऐकून काम करणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेला, कार्यक्रमाचे नाव सांगता येते, परंतु अलेक्सा भारतात इंग्रजी आणि हिंदी जाणते, मराठी नाही. हिंदीत ‘यूट्यूब खोलो’ म्हटले की काम होते. मराठी मालिकेचे किंवा कीर्तनकाराचे नाव उच्चारल्यावर मात्र ते हिंदी वा इंग्रजी साच्यात ऐकले जाणार, आणि त्यामुळे हाती काय लागेल याचा भरवसा राहत नाही. ज्यांना पडद्यावरील कळफलकावर एकेक अक्षर निवडणे जमत नाही, त्यांच्यासाठीच आवाजाने शोधण्याची सोय सर्वांत उपयोगाची. आणि नेमके त्यांनाच ती त्यांच्या भाषेत मिळत नाही. कोट्यवधी लोक जी भाषा बोलतात, तिला हे उपकरण विकणाऱ्या कंपनीने इतकी वर्षे बाजूला ठेवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर आम्हांला उपयोगी पडलेला मार्ग असा आहे. फोनवरील यूट्यूबमध्ये मराठीतून बोलून हवे ते शोधावे, आणि मग त्याच ॲपमधील पडद्याचे चिन्ह दाबून चित्रफीत टीव्हीकडे पाठवावी. फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर असले म्हणजे झाले. एकदा पाहिलेली वाहिनी यूट्यूबच्या पहिल्या पानावर पुन्हा दिसू लागते, त्यामुळे पुढच्या वेळी शोधण्याची गरज बहुधा पडत नाही. आवडत्या वाहिन्या सुरुवातीलाच सबस्क्राइब करून ठेवल्या तर आणखी चांगले.

पहिल्या पानाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. तिथला वरचा मोठा भाग जाहिरातींना आणि शिफारशींना दिलेला आहे, आणि तो पूर्णपणे काढून टाकता येत नाही. नुसते थांबले तरी तिथली चित्रफीत आपोआप आवाजासह सुरू होते. पैसे देऊन घेतलेल्या उपकरणाने असे करणे मला मान्य नाही, पण सेटिंग्जमधील प्रेफरन्सेसमध्ये जाऊन फीचर्ड कंटेंटखालील चित्र आणि आवाज यांचे आपोआप चालणे बंद केले की पान पुष्कळ शांत होते. तिथेच प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये वापराची माहिती गोळा करणे आणि आवडीनुसार जाहिराती दाखवणे हेही बंद करावे. खरेदीवर पिन ठेवावा, विशेषतः घरात नातवंडे असतील तर. शेवटी, रोज लागणारी चार-पाच ॲप यादीत सर्वांत पुढे आणून ठेवावीत. त्यासाठी ॲपवर जाऊन तीन रेघांचे बटण दाबले की ते पुढे आणण्याचा पर्याय मिळतो. ही सगळी मांडामांड घरातल्या जाणत्या व्यक्तीने एकदाच बसून करावी आणि मगच रिमोट ज्येष्ठांच्या हाती द्यावा.

साठवणुकीची जागा ८ जीबी आहे आणि त्यातली बरीच जागा मूळ प्रणालीच व्यापते. त्यामुळे दिसेल ते ॲप उतरवून घेतल्यास स्टिक मंदावते. न लागणारी ॲप काढून टाकावीत आणि अधूनमधून मोठ्या ॲपची तात्पुरती साठवण (कॅशे) पुसावी, एवढी देखभाल पुरेशी आहे.

स्टिकची किंमत एकदाच द्यावी लागते. खरा खर्च वर्गण्यांचा. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना केवळ फोन आणि टॅबलेटसाठी आहे, टीव्हीसाठी डिसेंबर २०२१ पासून किमान १९९ रुपयांची योजना घ्यावी लागू लागली. मोबाइलच्या रिचार्जबरोबर ‘मोफत’ मिळणाऱ्या वर्गण्याही पुष्कळदा मोबाइलपुरत्याच असतात, म्हणून टीव्हीवर त्या चालतील असे गृहीत धरून केबल बंद करू नये. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून भारतातही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वेगळे पैसे मोजावे लागतात. चार-पाच वर्गण्या एकदम घेतल्या तर महिन्याचा हिशेब केबलच्या बिलापलीकडे जातो. त्याऐवजी एक-दोन घ्याव्यात, कंटाळा आला की त्या थांबवून दुसऱ्या घ्याव्यात. थेट वाहिन्यांची आणि आकडे दाबून वाहिनी बदलण्याची सवय असलेल्यांच्या घरी मी केबल काही महिने तरी स्टिकसोबत चालू ठेवीन.

नवा स्मार्ट टीव्हीच का घेऊ नये, असेही कोणी विचारील. टीव्हीचा पडदा दहा-बारा वर्षे टिकतो, आतली प्रणाली मात्र त्याआधीच जुनी होते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील काही जुन्या सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झाले, तेव्हा त्यांचे पडदे काही बिघडलेले नव्हते. स्टिक निराळी असली की जुनी झालेली स्टिक तेवढी बदलावी लागते. अर्थात ती कंपन्यांच्या आपसातील भांडणांपासून सुरक्षित आहे असे नाही. ॲमेझॉन आणि गुगल यांच्या वादात २०१८ उजाडण्याच्या सुमारास यूट्यूबचे ॲप फायर टीव्हीवरून नाहीसे झाले, ते जुलै २०१९ मध्ये परत आले.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या, एचडीएमआय नसलेल्या टीव्हीसाठी ही स्टिक घेऊ नये. एचडीएमआयचे चित्र जुन्या खाचेजोगे करणारा कन्व्हर्टर लावूनही अधिकृत ॲपचे, नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेले चित्र पडद्यावर येईलच असे नसते. टीव्ही फुल एचडी असेल तर साधी स्टिक पुरे, ४के टीव्ही असेल तरच ४के स्टिकचे पैसे मोजावेत. २०२५ मध्ये आलेल्या ४के सिलेक्ट या स्टिकमध्ये अँड्रॉइडवर आधारलेल्या जुन्या प्रणालीऐवजी ॲमेझॉनची स्वतःची वेगा ही प्रणाली आहे आणि तिच्यावर ॲमेझॉनच्या स्टोअरबाहेरची ॲप बसवता येत नाहीत. म्हणून ती घेण्याआधी घरात लागणारे प्रत्येक ॲप तिच्यासाठी उपलब्ध आहे का, हे स्टोअरमध्ये तपासावे, आणि दसरा-दिवाळीच्या विक्रीपर्यंत थांबता येत असेल तर तोवर थांबावे.