सिंगल पॅक की टू पॅक? बिघडलं तर कुठलं वॉर्निश सावरता येतं

बोटीच्या लाकडाला क्लिअर फिनिश द्यायचंय आणि एकाच डब्यातलं (सिंगल पॅक) तेल-बेस स्पार वॉर्निश घ्यायचं की हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा दुसरा भाग, मिसळायचं टू पॅक पीयू (पॉलियुरेथेन) यात अडकला असाल, तर चमकेचं राहू द्या, चमक दोन्हीला येते. काम फसलं की किती मागे जावं लागतं ते बघा.

स्पार वॉर्निश बरंच माफ करतं. ओघळ आला? पूर्ण कडक होऊ द्या, 320 च्या पॉलिश पेपरने घासा, पुढचा हात मारा, झालं. अर्धवट ओला ओघळ पुसायला गेलात की मात्र वाट लागते. एकच जाड हात मारला तर वर साय धरते, खाली ओलंच राहतं आणि सुरकुत्या पडतात, ते खरवडण्याशिवाय इलाज नाही. बुडबुडे बहुतेक वेळा आपणच डबा गदागदा हलवून घालतो (ढवळायचं असतं हो, हलवायचं नाही) नाहीतर भर उन्हात तापलेल्या लाकडावर ब्रश फिरवतो.

टू पॅकमध्ये बुडबुड्यांचं कारण रासायनिकही असू शकतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट ओलाव्याला भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे दमट हवा किंवा ओलसर लाकूड असेल तर ब्रश कितीही हलका चालवा, उपयोग नाही. आणि माप! मी एकदा हार्डनर नुसत्या अंदाजाने ओतला, आठवडा झाला तरी बोट चिकटत होतं, शेवटी सगळं लाकडापर्यंत खरवडलं. जुन्या सिंगल पॅक वॉर्निशवर हे मारूच नका, यातलं सॉल्व्हंट खालचा थर उचलतं. वास आणि वाफांसाठी योग्य फिल्टरचा मास्क पण लागतोच, धुळीचा साधा मास्क चालत नाही.

बारीक खड्डे, म्हणजे फिशआय, दोन्हीत पडतात. कारण सिलिकॉन, मेण नाहीतर सागाचं स्वतःचं तेल, त्यामुळे आधी स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन फिरवा आणि मग फार वेळ न घालवता पहिला हात मारा. सकाळी चमक मेलेली, पांढुरकी दिसली तर आदल्या संध्याकाळचं दव, म्हणून दुपार कलायच्या आत ब्रश ठेवायचा.

टिकायला टू पॅक जास्त, पण ते कडक असतं. लाकूड फुगतं-आकसतं, सांधा उघडतो, तिथून पाणी आत जातं, काळे डाग पडतात आणि मग पापुद्रेच निघतात, तेवढ्यापुरता पॅच मारला तर तो उठून दिसतो. स्पार लवचिक, तेवढाच भाग घासून मिसळवता येतो, मात्र उन्हात असेल तर दरवर्षी एकदोन हात द्यावेच लागतात.

म्हणून टिलर (सुकाणूचा दांडा), रेलिंग, बाहेरची सांध्यांची कामं असतील तर मी डोळे झाकून स्पार घेईन. केबिनमधलं टेबल, आतल्या फळ्या, किंवा इपॉक्सीने आधी सील केलेला तुकडा असेल तर टू पॅक, फक्त इपॉक्सी सुकल्यावर वर येणारा मेणचट थर पाणी आणि स्क्रबरने धुवून काढा, पेपर त्यानंतर, नाहीतर तो थर पेपरने आणखी आत चोळला जातो.